चार ड्राइव्ह आहेत, पीसी चालू व्हायला फार वेळ लागतोय, सुरुवात कुठून करू?

कुळागर:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो, जत्रेतली नाटकं, चवथीची भजनं, शिगम्याचे रोमटामेळ असं शूट करतो आणि घरीच एडिट करतो. पीसी असेंबल केलेला आहे, इंटेल आय ५, १६ जीबी रॅम, विंडोज ११. ड्राइव्ह चार. विंडोज आहे ती ५०० जीबीची साटा एसएसडी (साटा म्हणजे केबलने जोडायची), एडिटिंगसाठी नवीन घेतलेली १ टीबीची एनव्हीएमई (बोर्डवरच्याच एम डॉट टू स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी), एक २ टीबीची हार्ड डिस्क आणि एक जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज या जुनीवरच होतं, मग दुकानात एसएसडी बसवून घेतली तेव्हा त्यांनी तिच्यावर नवीन विंडोज टाकून दिलं आणि जुनी डिस्क डेटासाठी तशीच आत ठेवली.

एनव्हीएमई लावल्यापासून बटण दाबलं की बराच वेळ काळी स्क्रीन, मग मदरबोर्डचा लोगो, मग त्याखाली ते गोल फिरणारे ठिपके फिरतच राहतात, फिरतच राहतात, कधी कधी ठिपके पण थिजतात आणि मग परत फिरायला लागतात. पासवर्ड मागेपर्यंत दोन मिनिटं तरी सहज जातात. आत गेल्यावर एडिटिंग वगैरे सुरळीत चालतं, फक्त 'धिस पीसी' उघडलं की वरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते आणि ड्राइव्ह एकेक करून दिसतात. नवीन एनव्हीएमईच खराब आली असेल का? परत करायची मुदत संपत आलीय म्हणून विचारतो.

अबोली:
स्टार्टअपमधले प्रोग्राम बंद केलेस का? टास्क मॅनेजर उघड, स्टार्टअप ॲप्समध्ये जा, क्लाउडवाले, गेमवाले, प्रिंटरचे, जे जे नको ते डिसेबल कर. माझ्या म्हापशाच्या ऑफिसातल्या पीसीला याच्यानेच फरक पडला होता.

कुळागर:
केलं ताई, आधीच केलंय. अँटीव्हायरस आणि साउंड कार्डचं सोडून सगळं बंद आहे. काडीचा फरक नाही.

रानमेवा:
पात्रांव फॉरमॅट मार आणि विंडोज नवीन टाक, एका तासाचं काम आहे, इतका विचार कशाला. आणि चार चार ड्राइव्ह लावले की स्लो होणारच, हार्ड डिस्क काढून टाक सरळ.

घुमट:
थांबा थांबा, फॉरमॅट वगैरे काही करू नका अजून. कुळागर, तू लिहिलंयस त्यातल्या दोन गोष्टींनी मला काळजी वाटतेय. एक म्हणजे ठिपके मधेच थिजतात, दुसरी म्हणजे धिस पीसीची हिरवी पट्टी. दोन्ही ठिकाणी मशीन कुठल्यातरी ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघतंय. स्टार्टअप प्रोग्रामचा संबंध पासवर्ड टाकल्यानंतर येतो, तुझा वेळ त्याच्या आधीच जातोय, म्हणून अबोलीताईचा सल्ला बरोबर असूनही तुला उपयोग झाला नाही.

पीसी चालू होणं म्हणजे तीन वेगळे टप्पे आहेत आणि वेळ नेमका कुठल्या टप्प्यात जातो हे कळल्याशिवाय हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. पहिला टप्पा बायोसचा म्हणजे हल्लीच्या भाषेत यूईएफआयचा, तो मदरबोर्डमधलाच प्रोग्राम, त्याचं काम रॅम तपासणं, ड्राइव्ह ओळखणं, कुठून बूट करायचं ते ठरवणं. दुसरा विंडोजचा, कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर लोड होतात, सगळ्या डिस्कवरची पार्टिशनं वाचून जोडली जातात, तेच ते ठिपके. तिसरा लॉगिननंतरचा. तर आधी टास्क मॅनेजरमध्ये त्याच स्टार्टअप ॲप्सच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' लिहिलेलं असतं तो आकडा सांग. मग इव्हेंट व्ह्यूअर उघड, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल, तिथे १०० नंबरचा इव्हेंट शोध, त्यात बूट ड्युरेशन मिलीसेकंदात असतं. त्यात बायोसचा वेळ धरलेला नसतो, म्हणून दोन्ही आकडे पाहिजेत.

आणि रानमेवा, ड्राइव्ह जास्त म्हणजे स्लो असं नसतं रे. धड असलेली हार्ड डिस्क फिरायला लागून तयार व्हायला काही सेकंद घेते, आणि बहुतेक घरगुती मशीनमध्ये सगळ्या डिस्क एकदमच फिरायला लागतात, एकीमागून एक नाही. चार धड डिस्क असल्या तरी मिनिटं जात नाहीत. मिनिटं जातात ती एकच आजारी असली की. चवथीच्या आरतीला घरचे सगळे जमल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही, एक काका आंघोळीला बसला तर सगळं घर निरांजन घेऊन उभं, तसं आहे हे.

कुळागर:
लास्ट बायोस टाइम ३८.६ सेकंद. १०० नंबरचा इव्हेंट सापडला, लाल खूण आहे, लेव्हल क्रिटिकल, बूट ड्युरेशन १,३१,४०७. म्हणजे दोन मिनिटं अकरा सेकंद ना? त्या ३८ सेकंदांच्या वर?

घुमट:
हो, वर. दोन्ही टप्पे फुगलेले आहेत. विंडोज बिघडलं असतं तर बायोसचा वेळ वाढला नसता, कारण तेव्हा विंडोज जागंच झालेलं नसतं. म्हणून फॉरमॅट मारून काही साध्य होणार नाही हे आता नक्की धर. दोन्ही टप्प्यांत जे हार्डवेअर येतं तेच कुठेतरी अडतंय. आता दोन गोष्टी कर. इव्हेंट व्ह्यूअरमध्येच विंडोज लॉग्समधला सिस्टम उघड आणि सोर्सवर फिल्टर लावून 'डिस्क' आणि 'स्टोर एएचसीआय' (साटा ड्राइव्हचा ड्रायव्हर) बघ, कुठले नंबर दिसतात ते लिही. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे ते टाकून चारही ड्राइव्हचे रंग सांग.

खाजन:
मधे बोलतो. एनव्हीएमई परत करायची घाई करू नकोस. एम डॉट टू स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो असं बऱ्याच मदरबोर्डांवर असतं, मॅन्युअलमध्ये तक्ता असतो त्याचा, पण तसं झालं तर त्या पोर्टवरची डिस्क दिसायचीच बंद होते, हळू होत नाही. तुला चारही दिसतायत. मला वाटतं एनव्हीएमई बसवताना कॅबिनेट उघडलंस तेव्हा साटाच्या केबल हलल्या असतील, जुन्या केबलला लॉकची पत्ती नसते, जरा धक्का लागला की अर्धवट निसटतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरात जो दमटपणा असतो त्याने पॉवरच्या मोलेक्स पिना काळ्या पडतात. मी पणजीत ज्या ऑफिसची मशीन बघतो तिथे जुलै ऑगस्टमध्ये डिस्कच्या अर्ध्या तक्रारी नुसत्या केबल काढून, पुसून, परत घट्ट बसवल्यावर जातात. किनाऱ्याजवळ खारं वारं असतं तिथे तर जास्तच.

मांडवीतीर:
याच धाग्यात विचारते, चालेल ना? माझा लॅपटॉप शटडाऊन करून चालू केला की पटकन येतो पण रिस्टार्ट केला की खूप वेळ घेतो. हे उलटं नाही का? यूएसबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम लावलेली असते.

घुमट:
उलटं नाही ताई, अगदी बरोबर आहे ते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाऊन केलं तरी कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच उचलले जातात. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणजे तुमच्या मशीनचा खरा वेळ रिस्टार्टचा आहे. आता एकदा एक्स्टर्नल डिस्क काढून रिस्टार्ट करून बघा. वेळ एकदम कमी झाला तर बायोसमध्ये बूट ऑर्डरला यूएसबी वर असेल ते खाली करा, पहिला विंडोज बूट मॅनेजर ठेवा. बायोसमधलं 'फास्ट बूट' आणि विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

मांडवीतीर:
यूएसबीच वर होती! खाली केली, आता डिस्क लावलेली असूनही रिस्टार्ट पटकन होतो. खूप आभार.

कुळागर:
बघितलं. सांगतो सगळं.
विंडोजची एसएसडी निळी, गुड. एनव्हीएमई निळी, गुड, १०० टक्के.
२ टीबी हार्ड डिस्क निळीच आहे पण सी७ च्या ओळीत रॉ व्हॅल्यूच्या शेवटी २ए४ दिसतंय.
जुनी १ टीबी पिवळी, कॉशन. सी५ च्या ओळीच्या डाव्या बाजूला पिवळा ठिपका, रॉ व्हॅल्यू ००००००००००बी८. सी६ ला पण काहीतरी आकडा आहे.
सिस्टम लॉगमध्ये डिस्कचे ७ नंबरचे लाल इव्हेंट रांगेने आहेत, 'हॅज अ बॅड ब्लॉक' असं लिहिलंय आणि मधे हार्डडिस्क०. १५३ नंबरचे पण बरेच. आणि स्टोर एएचसीआयचा १२९ नंबर, रिसेट टू डिव्हाइस. सगळ्यांच्या वेळा पीसी चालू केल्याच्या वेळांशी जुळतात.

घुमट:
आता एडिटिंग बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर. डिस्कला ज्या जागा वाचताच येत नाहीयेत आणि ज्यांचं काय करायचं हे तिने अजून ठरवलेलं नाही अशा जागा. ते बी८ हेक्समध्ये आहे, दशमानात १८४ होतात. टूलमध्ये फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज, तिथे १० डेक निवडलंस की साधे आकडे दिसतील. ७ नंबरचा इव्हेंट तेच सांगतोय, खराब जागा सापडली. १५३ म्हणजे वाचायची मागणी परत करावी लागली. १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजने कंटाळून तिला रिसेट केलं. तुझे ठिपके थिजतात ना, ते हेच. हार्ड डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही की ती तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहते, सेकंदांवर सेकंद, आणि तोवर मागणारा खोळंबलेला.

हार्डडिस्क० म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमधली डिस्क ०, ती जुनी १ टीबीच आहे ना याची खात्री कर.

स्टार्टअपचा वेळ कमी कसा करायचा हा प्रश्न आता दुसऱ्या नंबरवर गेला. पहिला प्रश्न हा की त्या डिस्कवर काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे?

कुळागर:
डिस्क ० तीच आहे. तिच्यावर सुरुवातीच्या वर्षांतली सगळी नाटकं आहेत, मूळ फुटेज. त्यातले काही कलाकार आता राहिले नाहीत. काहींच्या डीव्हीडी करून दिल्या होत्या पण मूळ फाइल फक्त इथेच. रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) लावून ठेवू का? दुकानात फोन केला तर म्हणाले चेकडिस्क आर लावून चालवा, बॅड सेक्टर दुरुस्त होतील.

घुमट:
नको!! मरू घातलेल्या डिस्कवर चेकडिस्कला आर लावून चालवणं म्हणजे तिच्याकडून पूर्ण पृष्ठभाग पिंजून काढून घेणं, त्यात ती मधेच गेली तर काहीच हाती लागणार नाही. शिवाय चेकडिस्क फाइल सिस्टम नीटनेटकी करायला बघते, तुझ्या फाइल वाचवायला नाही, अर्धवट वाचलेल्या फाइलची काटछाट पण करते. डीफ्रॅगही नको. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नकोस. आधी कॉपी, बाकी सगळं नंतर.

आणि कॉपी २ टीबीवर करणार असशील तर आधी तिचं सी७ बघू. ते २ए४ म्हणजे ६७६, यूडीएमए सीआरसी एरर. हा डिस्कच्या आतला दोष नव्हे, डिस्क आणि बोर्डमधल्या तारेवर डेटा बिघडला आणि परत पाठवावा लागला त्याची नोंद. खाजन म्हणतोय ती केबलची गोष्ट इथे लागू पडते. नवीन साटा केबल घे, लॉकची पत्ती असलेली. केबल बदलली तरी तो आकडा शून्य होत नाही, कधीच होत नाही, तो वाढायचा थांबला की समजायचं बरं झालं.

खाजन:
सहमत. पण तरी माझं मत, इतका मोलाचा डेटा आहे तर नवीन डिस्क घे, जुन्या २ टीबीच्या भरवशावर राहू नकोस. आणि एक फार महत्त्वाचं, ती जुनी १ टीबी आत्ताच उपसून काढू नकोस. तू वर लिहिलंयस की एसएसडीवर विंडोज टाकलं तेव्हा जुनी डिस्क आत जोडलेलीच होती. विंडोजचा सेटअप असं करतो की आधीच एखाद्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल ठेवायचा छोटा भाग) असलं की तेच वापरतो, नवीन बनवत नाही. म्हणजे विंडोज एसएसडीवर पण त्याला उठवणारा बूट मॅनेजर जुन्या डिस्कवर. डिस्क मॅनेजमेंट उघड आणि 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' असं कुठल्या डिस्कच्या पट्टीत लिहिलंय ते बघ. सी ड्राइव्हवर 'बूट' असं लिहिलेलं दिसेल, त्यावर जाऊ नकोस, तिथे बूट म्हणजे विंडोजचं फोल्डर जिथे आहे ते.

कुळागर:
अरे देवा. डिस्क ० वर अगदी पहिलीच पट्टी, १०० एमबी, हेल्दी, ईएफआय सिस्टम पार्टिशन. एसएसडीवर फक्त सी आणि एक रिकव्हरी.

घुमट:
मग चित्र पूर्ण झालं. बटण दाबलं की बायोस सगळ्या ड्राइव्हना हाक मारतो, जुनी डिस्क उत्तर द्यायला वेळ लावते, आणि तिच्याशिवाय पुढेही जाता येत नाही कारण बूट मॅनेजर तिच्यावर. तिथे तुझे ३८ सेकंद. मग बूट मॅनेजर एसएसडीवरचं विंडोज उठवतो, विंडोज सगळ्या डिस्कवरची पार्टिशनं जोडायला जातं, परत तीच डिस्क, तिथे दोन मिनिटं. एनव्हीएमई बिचारीचा काही संबंध नाही, ती लावली तेव्हाच नेमकं हे वाढलं किंवा तुझं लक्ष गेलं. हे आज कळलं ते बरं झालं, एखाद्या दिवशी ती डिस्क पूर्ण गेली असती तर पीसी चालूच झाला नसता आणि फुटेजही गेलं असतं.

आता क्रम सांगतो, क्रम मोडू नकोस. नवीन डिस्क आण. पहिल्यांदा जे फुटेज दुसरीकडे कुठेच नाही ते फोल्डर कॉपी कर, एका वेळी एकच, सगळं सिलेक्ट करून ओढू नकोस. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोड, नाव लिहून ठेव, पुढच्या फाइलवर जा. अडकणाऱ्या फाइल जास्त निघाल्या तर विंडोजमधून प्रयत्न थांबव, लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह करून डीडीरेस्क्यू वापर. तो पहिल्या फेरीत सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडेल त्या जागा मागे ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे परत येतो, आणि कुठवर काम झालं त्याची मॅप फाइल लिहीत जातो, म्हणून मधेच लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. त्याला मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नकोस, ती नसली तर हा फायदाच जातो. अख्ख्या डिस्कची प्रत होते म्हणून नवीन डिस्कवर पूर्ण १ टीबी मोकळी पाहिजे.

लिनक्समध्ये जाण्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शटडाऊन कर, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजची एनटीएफएस पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतात आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतो.

आणि यूपीएस आहे ना? पावसाचे दिवस आहेत, आपल्याकडे लाईट केव्हा जाईल नेम नाही, कॉपी चालू असताना झटका नको.

कुळागर:
यूपीएस आहे, बॅटरी गेल्या चवथीच्या आधीच बदललीय. ४ टीबीची नवीन डिस्क आणि दोन साटा केबल आणतो उद्या.

रानमेवा:
मडगावच्या माझ्या मित्राचा नवीन पीसी, एएमडी, डीडीआर५ रॅम, एकच एसएसडी, तरी बटण दाबल्यावर बराच वेळ काळी स्क्रीन. त्यालाही डिस्कचंच असेल का?

खाजन:
बहुधा नाही. डीडीआर५ मध्ये बायोस रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेतो, एएमडीच्या एएम५ बोर्डांवर ते दर वेळी चालू राहिलं तर असंच दिसतं. बायोस अपडेट करायला सांग आणि मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचं सेटिंग एनेबल करून बघायला सांग. त्यानंतर मशीन मधेच अडखळायला लागलं तर परत बंद करायचं.

कुळागर:
अपडेट देतो. २ टीबीची केबल बदलली, सी७ आहे तिथेच थांबलाय, आकडा हलत नाही. जुन्या केबलच्या प्लगमध्ये एका पिनेवर हिरवट थर दिसत होता, उजेडात धरल्याशिवाय कळलाच नसता.

नाटकांचे बरेचसे फोल्डर विंडोजमधूनच आले. एका फोल्डरवर कॉपी अडली, डिस्कमधून टिक टिक असा आवाज यायला लागला, म्हणून लगेच थांबलो आणि घुमटदादाने सांगितलं तसं डीडीरेस्क्यूवर गेलो. रात्रभर चालला, सकाळी ९९.९ टक्क्यांच्या वर आला होता, उरलेल्यासाठी दुपारपर्यंत घासत होता. शेवटी थोडेसेच केबी राहिले. ती प्रत उघडून बघितली, सगळं दिसतंय, दोन क्लिपमध्ये मधे चौकोन चौकोन येतात, आवाज जरा तुटतो, बाकी स्वच्छ आहे.

आता बूट मॅनेजरचं सांगा. एसएसडीवर कसा न्यायचा?

खाजन:
छान काम झालं. आता हे मी सांगतो. सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघ. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असलं तर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव आणि तात्पुरतं सस्पेंड कर, कारण बूटच्या गोष्टी हलवल्या की पुढच्या वेळी ती की मागितली जाते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल जीपीटी आहे याची खात्री.

आता सी वर राइट क्लिक करून श्रिंक, ३०० एमबी पुरे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघड, डिस्कपार्ट टाइप कर, लिस्ट डिस्कने यादी बघ आणि सिलेक्ट डिस्कला एसएसडीचाच नंबर दे, इथे दोनदा बघ, साइज वाचून बघ, कारण चुकीची डिस्क निवडली तर पुढचं सगळं तिच्यावर होईल. मग क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज बरोबर २६०, मग फॉरमॅट क्विक एफएस बरोबर फॅट३२, मग असाइन लेटर बरोबर एस, आणि एक्झिट. त्यानंतर बीसीडीबूट, पुढे सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, पुढे स्लॅश एस मग एस कोलन, पुढे स्लॅश एफ यूईएफआय. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं आलं पाहिजे, त्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग रिस्टार्ट करून बायोसमध्ये जा. विंडोज बूट मॅनेजर आता दोनदा दिसेल, बाजूला ड्राइव्हचं नाव असतं, एसएसडीच्या नावाचा वर घे. एकदा त्यावरून विंडोज नीट आलं की मग पीसी बंद करून, पॉवरची वायर काढून, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढ.

घुमट:
आणि जुन्या डिस्कला जे अक्षर होतं, ई असेल एफ असेल, तेच अक्षर नव्या डिस्कला दे आणि फोल्डरची रचना तशीच ठेव. म्हणजे एडिटिंगच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या क्लिप 'मीडिया ऑफलाइन' म्हणून लाल होणार नाहीत, एकेक शोधत बसावं लागणार नाही.

कुळागर:
झालं! बिटलॉकर बंदच होतं. बीसीडीबूट पहिल्या दणक्यात चाललं. बायोसमध्ये खरंच दोन विंडोज बूट मॅनेजर दिसत होते, एसएसडीवाला वर घेतला, मग जुनी डिस्क काढली. लास्ट बायोस टाइम आता ११.४ सेकंद. बटण दाबल्यापासून पासवर्डपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत, तेही रिस्टार्ट करून मोजलं, शटडाऊन करून नाही. धिस पीसी उघडलं की सगळे ड्राइव्ह एकदम दिसतात. १२९ आणि १५३ एकही नवीन आलेला नाही. अक्षर तेच दिलं, प्रोजेक्ट जसेच्या तसे उघडले.

घुमटदादा, खाजन, अबोलीताई, सगळ्यांना देव बरें करूं. एनव्हीएमई परत करणार होतो, ती पण राहिली.

अबोली:
फार बरं वाटलं वाचून. ज्या दोन क्लिपमध्ये चौकोन येतात ते कुठल्या गावचं नाटक? आमच्या बार्देशातलं असेल तर सांग, नाट्यस्पर्धेच्या वेळी आमच्या मंडळाच्या एकाने पण बरंच शूट केलेलं असायचं, त्याच्याकडे टेप आहेत अजून.

कुळागर:
बार्देशातलं नाही ताई, सत्तरीतलं, जत्रेतलं आहे. पण त्याच मंडळींनी तेच नाटक नंतर म्हापशाला केलं होतं असं आठवतं. नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतो, विचाराल का त्यांना?

अबोली:
विचारते. टेप मिनी डीव्ही आहेत, प्लेअर चालतो का ते बघावं लागेल.

रानमेवा:
ती जुनी डिस्क आता काय करणार? एक्स्टर्नल केस घालून सिनेमे वगैरे ठेवायला चालेल ना?

घुमट:
नाही. पेंडिंग सेक्टर वाढत जाणारी डिस्क कशालाच नको, सिनेमे गेले तर हरकत नाही असं म्हणतो आपण आणि मग हळूहळू तिच्यावर फोटोही जाऊन बसतात. कुळागर, ती अँटीस्टॅटिक पिशवीत घालून सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात ठेव, जोवर त्या नाटकांची दुसरी प्रत होत नाही तोवर. ४ टीबीवर आहे ती एकच प्रत झाली, अजून एक एक्स्टर्नलवर कर आणि ती फोंड्याच्या घरात न ठेवता नातेवाइकाकडे ठेव.

कुळागर:
बहिणीकडे डिचोलीला ठेवतो. एक्स्टर्नल पगाराच्या आठवड्यात घेतोय. तिच्यासाठी हार्ड डिस्क बरी की एसएसडी?

घुमट:
कपाटात महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर हार्ड डिस्क. एसएसडी वीज न मिळता खूप काळ पडून राहणं चांगलं नाही. आणि वर्षातून दोनदा तरी लावून क्रिस्टलडिस्कइन्फो बघ, मे महिन्यात पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि चवथीनंतर एकदा. सी५ शून्य पाहिजे.